बाबांचे आठ महिने एका डे केअरमध्ये, आणि माझेही

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापासून मी बाबांना मानेवाड्याकडच्या, अल्झायमरसारखा डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झालेल्या म्हाताऱ्या माणसांच्या एका डे केअरमध्ये सोडते आहे. आता डिसेंबर संपत आला. लिहायचं तेव्हाच ठरवलं होतं, पण थांबले. पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर नुसते आभार लिहिले असते आणि जूनमध्ये लिहिलं असतं तर नुसत्या तक्रारी. केंद्राचं नाव मुद्दाम देत नाही. चालवणाऱ्या ताईंनीच तशी विनंती केली, कारण जागा चौदा आणि वाट पाहणारी घरं त्याहून जास्त. पण नागपुरात आत्ता या क्षणी कोणीतरी बाहेरच्या दाराला आतून कुलूप लावून, किल्ली पदराला बांधून बसलं असेल. असं ठिकाण शोधताना काय बघायचं हे त्यांना कळावं म्हणून लिहिते आहे.

बाबा ७९ वर्षांचे. एम्प्रेस मिलच्या विणाई खात्यात ३५ वर्षं होते, २००२ साली मिल बंद पडेपर्यंत. १८७७ साली सुरू झालेली ती मिल आता नाही, तिथे मॉल उभा आहे. पण बाबांच्या डोक्यात तिचा भोंगा अजून वाजतो. संध्याकाळचे साडेपाच-सहा झाले की ते चप्पल शोधायला लागतात. ‘दार काहून लावलं? मले जाऊ दे व माय, पाळीची वेळ झाली.’

आई गेल्यावर ते तांडापेठेतल्या घरी एकटेच होते. आधी हिशेब चुकायला लागला, मग एकच भाजी दिवसातून तीनदा आणायला लागले, आणि एक दिवस जन्म काढलेल्या गल्लीच्या तोंडाशी उभे राहून शेजारच्या मुलाला विचारत होते की माझं घर कोणतं. धंतोलीतल्या न्यूरॉलॉजिस्टनी बी-१२ आणि थायरॉइड तपासून घेतलं, एमआरआय केला. या दोन्हींच्या कमतरतेनेही विसरायला होतं आणि ते औषधाने सुधारतं, म्हणून आधी ते बघायचं, असं त्यांनी सांगितलं. रिपोर्ट ठीक आले तेव्हा मला आनंद झाला होता. मग डॉक्टरांनी कोऱ्या कागदावर बाबांना घड्याळ काढायला सांगितलं. गोल बरोबर काढला. बाराही आकडे उजव्या अर्ध्यात कोंबले आणि डावी बाजू रिकामी सोडून पेन खाली ठेवलं. त्या रिकाम्या बाजूकडे बघून मला कळलं की रिपोर्ट ठीक येण्यात आनंदाचं काही नव्हतं. अल्झायमर होता.

तेव्हापासून ते माझ्याकडे आहेत. भाऊ पुण्याला असतो, रविवारी फोन करतो. ‘मुलीकडे राहतात का?’ हे मला इतक्या वेळा विचारून झालं आहे की आता मी उत्तर देत नाही. मी एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरी करते, मिस्टर आठवडाभर चंद्रपूरला असतात आणि मुलगा बारावीला आहे. म्हणून आधी ब्युरोकडून अटेंडंट ठेवला. बारा तासांचे महिन्याला १८ हजार. दोन महिन्यांत चार माणसं बदलली. बाबांना सगळ्यात जास्त त्रास याच बदलण्याचा झाला, कारण रोज सकाळी घरात एक अनोळखी माणूस आणि तोच त्यांना आंघोळीला ओढतो आहे. चौथा अटेंडंट मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता तेव्हा बाबा निघून गेले. अडीच तासांनी कॉटन मार्केटजवळ सापडले, पायात दोन वेगवेगळ्या चपला. ते मिलच्याच रस्त्याला लागले होते आणि रस्ता बरोबर होता.

त्यानंतर या केंद्राचा पत्ता मिळाला. दुमजली घराचा तळमजला, पुढे अंगण, अंगणात कडुनिंब. पहिल्या दिवशी मी बाबांना न नेता एकटीच गेले. ताईंनी फॉर्म पुढे केला नाही. तासभर त्यांनी फक्त बाबांबद्दल विचारलं. काय काम करायचे, चहा कशात पितात, कोणत्या कुशीवर झोपतात, कोणत्या नावाने हाक मारली की वळतात, रागावले की काय म्हणतात. औषधांची यादी शेवटी मागितली. कोणतंही केंद्र बघायला गेलात तर हा क्रम लक्षात ठेवा. त्याआधी ज्या दोन ठिकाणी गेले होते तिथे पहिला प्रश्न होता, ‘डायपर लागतो का?’ आणि दुसरा डिपॉझिटचा.

तिसऱ्या दिवशी त्यांनी जे केलं त्यासाठी मी त्यांची कायमची ऋणी आहे. बाकीचे आजी-आजोबा रंग भरत होते. बाबांनी खडू बाजूला सारला आणि उठून दाराकडे गेले. ताईंनी त्या दिवशी दुपारी गांधीबागेत माणूस पाठवून सुताच्या दोन कोन आणवल्या. दुसऱ्या दिवशी एक धागा बाबांच्या समोरच्या टेबलावर ताणून बांधला आणि मधून तोडला. मी काचेतून बघत होते. बाबांनी तुटलेलं टोक चिमटीत धरलं, ओठाला लावून ओलं केलं, दुसरं टोक आडवं घातलं, अंगठ्याखाली दाबलं, एक फेर, एक ओढ. गाठ बसली. मोहरीच्या दाण्याहून लहान. मग धागा दोन्हीकडून ताणून बघितला, उरलेली टोकं नखाने तोडली आणि पुढच्या तुटीची वाट बघत बसले. माझं नाव ज्या माणसाला आठवड्यातून दोनदाच आठवतं, त्याच्या बोटांना ती गाठ जशीच्या तशी आठवत होती. हाताला लागलेली सवय मेंदूत वेगळ्या ठिकाणी जपलेली असते आणि या आजारात ती फार उशिरापर्यंत टिकते, असं ताईंनी नंतर समजावलं. तेव्हा मला समजून घ्यायचंच नव्हतं, मी नुसती बघत राहिले.

आता रोज साठ-सत्तर गाठी होतात. केंद्रातल्या मावशी धागे तोडून देतात, बाबा जोडतात. संध्याकाळी घरी येताना मला सांगतात, ‘आज सूत लय तुटून राहिलं. हलका माल आहे. साहेबाले सांगजो.’ मी म्हणते, सांगते.

हे ‘सांगते’ म्हणायला मी तिथेच शिकले. आधी मी रोज संध्याकाळी वाद घालायची. बाबा, मिल बंद पडली. बाबा, तुम्ही रिटायर झालात. बाबा, आई नाही आता. दर वेळी त्यांना ते नव्याने कळायचं, दर वेळी ते नव्याने रडायचे आणि अर्ध्या तासाने पुन्हा चप्पल शोधायचे. केंद्रातल्या सिस्टरनी मला सांगितलं की त्यांना पटवायला जाऊ नका, त्यांच्या बाजूला जाऊन उभ्या राहा. ‘हो बाबाजी, पाळीला जायचं ना? भोंगा नाही झाला अजून. तोवर चहा घेऊ.’ हे खोटं बोलणं आहे असं मला आठवडाभर खुपत राहिलं. पण चहा होईपर्यंत ते खरंच शांत होतात, आणि त्यांना रोज आईच्या जाण्याची बातमी देण्यात कोणतं खरेपण होतं, तेही मला सांगता येत नाही.

घर बघायलाही सिस्टर एकदा येऊन गेल्या. त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. बाथरूमसमोरचं काळं पायपुसणं काढायला लावलं, कारण बाबांना तो खड्डा दिसत होता आणि म्हणून ते आत जायला घाबरत होते. आम्ही समजत होतो की आंघोळीचा आळस करतात. बेसिनवरचा आरसा झाकला, कारण त्यातल्या म्हाताऱ्याशी ते भांडायचे. बाहेरच्या दारावर भिंतीच्या रंगाचा पडदा लावला. कुलूप अजून आहे, पण पडदा लावल्यापासून दाराला धक्के मारणं पुष्कळ कमी झालं. शर्टाच्या आतल्या बाजूला माझा मोबाइल नंबर शिवला आहे. हा शेवटचा उपाय तुमच्या घरी आजच करा. केंद्र मिळेपर्यंत थांबू नका.

या आजाराला आपल्याकडचा उन्हाळा फार वाईट. यंदा एप्रिलमध्येच पारा ४४ च्या वर गेला होता. वय झालं की तहान तशीही कमी जाणवते. त्यात या माणसांना घशाला कोरड पडली तरी पाणी मागायचं सुचत नाही. ‘पाणी पाहिजे का?’ विचारलं तर बाबा नको म्हणतात. केंद्रात विचारत नाहीत, हातात देतात. तासाला अर्धा ग्लास, कधी पन्हं, कधी ताक, कधी टरबुजाच्या फोडी, आणि भिंतीवरच्या तक्त्यावर प्रत्येकाच्या नावापुढे रेघ ओढतात. ग्लास गडद रंगाचे ठेवले आहेत, कारण पांढऱ्या टेबलावर पांढरा कप यांना चटकन दिसत नाही. बाबांनी आपली जागा कुलरच्या अगदी पुढ्यात धरली. एवढ्या आवाजाशेजारी कोणी बसत नाही, पण ज्याने ३५ वर्षं मागांच्या खडखडाटात काढली त्याला तिथे बरं वाटत असावं, असं आपलं मला वाटतं.

महिन्याच्या चौथ्या शनिवारी साडेदहा ते साडेबारा सांभाळणाऱ्यांची बैठक असते. आपलं माणूस आत मावशींपाशी, आपण वरच्या खोलीत. मी पहिल्या दोन बैठका टाळल्या. दोन तास मिळतात तर झोपावं, बोलायचं काय, असं वाटायचं. तिसऱ्या वेळी गेले तर ताईंनी हातात २२ प्रश्नांचा कागद दिला. झारिट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने तयार केलेली ही प्रश्नावली जगभर वापरतात. प्रत्येक उत्तराला ० ते ४ गुण, एकूण ८८, जितके जास्त तितका ताण जास्त. यातले प्रश्न आजारी माणसाबद्दल नाहीत, सांभाळणाऱ्याबद्दल आहेत. स्वतःसाठी वेळ उरत नाही असं वाटतं का. तब्येत बिघडली असं वाटतं का. त्यांच्याजवळ असताना राग येतो का. या प्रश्नाशी माझं पेन थांबलं. फेब्रुवारीत एका संध्याकाळी मी बाबांना दारापासून मागे ओढताना त्यांचं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की चार बोटांचे वळ उठले होते. सकाळी त्यांनीच मला हात दाखवून विचारलं, ‘हे कोनं केलं व?’ मी कोणालाच सांगितलं नव्हतं, मिस्टरांनाही नाही. त्या खोलीत सांगितलं. कोणी तोंडावर हात ठेवला नाही. शेजारी बसलेल्या, बेसा भागातल्या एक सूनबाई म्हणाल्या, माझ्याकडून चमचा फेकला गेला होता. माझे गुण ५७ झाले. ताईंनी आकडा बघितला आणि विचारलं, ‘तुम्ही सलग सहा तास शेवटच्या कधी झोपलात?’ बाबांना आजार झाल्यापासून माझ्या झोपेबद्दल विचारणारं ते पहिलं माणूस.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात साठीच्या पुढच्या लोकांत डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के निघालं, म्हणजे भारतात सुमारे ८८ लाख माणसं, हे मला त्या बैठकीत कळलं. त्यातल्या बहुतेकांमागे घरात कोणीतरी जागं असणार. चौदा जणांच्या केंद्राचं मोल हा आकडा ऐकल्यावर कळतं, आणि त्याचं अपुरेपणही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात ‘ईडा पिडा घेऊन जा’ म्हणत मोठा पुतळा मिरवत नेऊन जाळतात, ती मारबत यंदा नेमकी चौथ्या शनिवारी आली. बाबांचं सगळं आयुष्य जागनाथ बुधवारीच्या आसपास गेलं, पिवळी मारबत तिथूनच निघते. मला त्या दिवशी बैठक होईल असं वाटलं नव्हतं. ताईंनी झाली पाहिजेच म्हटलं. मावशींनी जुने पेपर आणि बांबूच्या काड्यांची हातभर मारबत करून ठेवली होती. प्रत्येकाने काय न्यायचं ते सांगायचं. सूनबाईंनी सुरुवात केली, ‘रात्रीची जागरणं घेऊन जा गे मारबत!’ मी म्हटलं, ‘मुलीकडे काहून राहते म्हणणारे घेऊन जा गे मारबत!’ आजीला सांभाळणारा एक बावीस वर्षांचा पोरगा आहे, तो इतका मोठ्याने ओरडला की खालून मावशी धावत आल्या. बँकेतून रिटायर झालेले एक काका बायकोसाठी येतात. त्यांची पाळी आली तेव्हा ते बराच वेळ कागदी मारबतीकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, ‘तिची भीती घेऊन जा गे.’ नंतर अंगणात नेऊन जाळली. बाबा कडुनिंबाखाली खुर्चीवर बसून बघत होते, आणि त्यांनी एकदम, पूर्ण ओळखीच्या आवाजात, ‘ईडा पिडा घेऊन जा गे मारबत!’ म्हटलं.

या काकांमुळेच मला कागदपत्रांचं शहाणपण आलं. बाबांकडून मुखत्यारपत्र करून घेतलं की झालं, असं मी धरून चालले होते. काकांनी सांगितलं की देणाऱ्याची समज गेली की ते मुखत्यारपत्र कायद्याने उरत नाही. नेमकं गरजेच्या वेळीच ते हातातून जातं. त्यामुळे सही करता येते आणि कशावर करतो हे कळतं तोवरच खातं जॉइंट करून घ्या. आमचं जेमतेम वेळेत झालं. दुसरं, जुन्या कर पद्धतीने रिटर्न भरत असाल तर आयकराच्या ८०डीडीबी कलमाखाली डिमेन्शियाच्या उपचाराचा खर्च सुटीसाठी दाखवता येतो, अवलंबून असलेल्या ज्येष्ठ नागरिकासाठी १ लाखापर्यंत. त्याला न्यूरॉलॉजिस्टचं प्रिस्क्रिप्शन लागतं आणि अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असावं लागतं. माझ्या ऑफिसातल्या कर सल्लागाराने मला हे दोन वर्षांत एकदाही सांगितलं नव्हतं.

सप्टेंबरात बाबा दोन दिवसांत एकदम बिघडले. बोलणं तुटक, दिवसा गुंगी, हवेत काहीतरी पकडायचे. मी मनात धरलं की आजार पुढच्या पायरीवर गेला. केंद्रातून दुपारी सिस्टरचा फोन आला, ‘डिमेन्शिया दोन दिवसांत असा वाढत नाही. आजच लघवी तपासा.’ इन्फेक्शन निघालं. औषधाने आठवड्याभरात बाबा पुन्हा गाठी मारायला बसले. घरी असते तर मी पुढच्या महिन्यातल्या अपॉइंटमेंटची वाट बघत बसले असते.

आता तक्रारी, आणि त्या लहान नाहीत.

वेळ सकाळी दहा ते साडेचार. बाबांचा कठीण काळ साडेपाचला सुरू होतो. जवळजवळ सगळ्यांचाच होतो, ऊन उतरलं की ही माणसं कासावीस होतात. म्हणजे दिवसाचा सोपा भाग केंद्राकडे आणि अवघड भाग आमच्याकडे. रविवारी बंद. रात्री ठेवून घ्यायची सोय नाही. नोव्हेंबरात भावाच्या मुलीचं लग्न होतं पुण्याला. तीन दिवस बाबांना ठेवायला नागपुरात भरवशाची जागा मिळाली नाही, आणि मी गेले नाही.

जूनमध्ये मला फार राग आला होता. बाबांच्या शर्टावर वरण सांडलेला फोटो केंद्राच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘आजचं जेवण’ म्हणून टाकला होता. मिलमधून घरी आल्यावर कपडे बदलल्याशिवाय ओसरीवरही न बसणारा तो माणूस. मी लेखी तक्रार दिली. ताईंनी फोटो काढला, माफी मागितली आणि तेव्हापासून प्रत्येक घराची लेखी परवानगी घेतात. चूक कबूल करून सुधारली म्हणून मी बाबांना तिथेच ठेवलं. कॉलेजची पोरं कधी कधी मदतीला येतात, ती गोड आहेत पण त्यांना नीट शिकवून पाठवलं पाहिजे. भजनाची वेळ झाली म्हणून एकीने बाबांच्या हातातलं सूत काढून घेतलं होतं, त्या दिवशी बाबा जेवले नाहीत. संडास एकच, आणि धरायला दांडी फक्त एका बाजूला. आठ महिने सांगते आहे.

पैसे महिन्याला ९ हजार, दुपारचं जेवण धरून. गाडी हवी असेल तर दीड हजार वेगळे, तीही पाच किलोमीटरच्या आतच. अटेंडंटच्या निम्मे होतात, तरी थोडे नाहीत. बाबांची पीएफची पेन्शन दोन हजारांच्या आत आहे. विणाई खात्यात ३५ वर्षं घालवलेल्या माणसाला स्वतःच्या पेन्शनीत असल्या जागेचा आठवडाही काढता येत नाही, हे मला रोज टोचतं. भाऊ आता निम्मे पाठवतो. ते मागायलाही मला बैठकीतल्या लोकांनीच सांगितलं.

जायचं ठरवलंत तर पहिल्या भेटीत साडेअकराच्या सुमारास जा, तेव्हा सगळे जागे आणि कामात असतात. बसलेल्यांचे चेहरे बघण्याआधी त्यांचे हात बघा, हातात काही आहे की नुसते मांडीवर पडले आहेत. पहिले पंधरा दिवस रडारड होईल, बाबा गेटला धरून उभे राहायचे. थोडा वेळ थांबा, पण त्यांच्या नजरेसमोर थांबू नका.

वेळेबद्दल मी गेल्या बैठकीत पुन्हा बोलले. संध्याकाळी सातपर्यंत केंद्र उघडं ठेवायचं तर एक मावशी आणि एक सिस्टर वाढवावी लागेल, त्यासाठी निदान सहा घरांनी जास्तीचे पैसे भरायची तयारी दाखवली पाहिजे, असं ताई म्हणाल्या. वही तिथेच फिरवली. आतापर्यंत चार नावं झाली आहेत, आमचं धरून.